पाटीखालचा गुलाबी रंग

तिच्याबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला पेन कागदात रुतलं. राग आला की माझं असं होतं. राग तिच्यावर नाही. कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच, आणि त्या यादीत मी स्वतःला शेवटी ठेवलेलं नाही.

आमच्या क्लबात तिला दातवाली म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पाठ वळली की म्हणतात. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून लांबट खोली, खिडकीपाशी तिचं टेबल, टेबलावर मेण, स्पिरिटचा दिवा, आणि प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. तेवीस वर्षं ती त्याच स्टुलावर बसते आहे. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं आहे आणि त्यांतल्या एकानेही तिला पाहिलेलं नाही. कवळी डॉक्टर बसवतो, आभार डॉक्टरचे मानले जातात. तिला त्याचं काही वाटत नाही, असं ती म्हणते. मला विचाराल तर तिला तशी सवय लावली गेली होती, आणि लावणारा घरातलाच होता.

आता खेळाचं सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडावर टेकड्या, ओढे, झाडी. समोरासमोर दोन सैन्यं, हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची. भालाईत, धनुर्धारी, घोडेस्वार, रथ, हत्ती. एक शिपाई अंगठ्याच्या नखाएवढा. तीन-चार शिपाई एका पातळ लाकडी तुकड्यावर चिकटवलेले असतात, त्याला आम्ही पाटी म्हणतो. पाटी मोजपट्टीने मोजून पुढे सरकवायची, चकमकीचा निकाल फाशांवर. पोटं सुटलेली, टक्कल पडलेली माणसं गंभीर चेहरे करून हे दिवसभर करतात आणि वर्षातून एकदा स्पर्धा भरवतात. हसायचं तर खुशाल हसा. मी त्या स्पर्धेचा पंच. नोकरीत जमिनी मोजल्या, निवृत्त झाल्यावर शिपायांची पावलं मोजतो. अर्ध्या बोटाच्या जागेवरून भांडणारे लोक मी जन्मभर पाहिलेत. इथे फक्त जमीन लहान झाली.

तिचा थोरला भाऊ आमच्याकडे सेनापती म्हणून ओळखला जातो. फरश्यांचं मोठं दुकान, उंचापुरा देह, बोलणं असं की साखर लाजेल. खेळात तो बरा होता, फार नाही. पण स्पर्धेत एक वेगळं बक्षीस असतं, उत्कृष्ट रंगकामाचं. शिपाई दुकानातून कोरे येतात, शिशाच्या रंगाचे. ते रंगवणं हे ज्याचं त्याने करायचं. जिंकणं फाशांच्या हातात असतं, पण रंगकाम आपल्याच हातात, त्यामुळे क्लबात खरी इज्जत त्या बक्षिसाला. ते सेनापतीने लागोपाठ अकरा वर्षं घेतलं. त्याच्या नखाएवढ्या शिपायांच्या ढालींवर नक्षी असायची, घोड्यांच्या मानेवर घाम असायचा. कोणी कौतुक केलं की तो म्हणायचा, "वेळ काढावा लागतो, दुसरं काय," आणि नम्रपणे मान खाली घालायचा. ती खाली घातलेली मान आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ते सगळं ती रंगवत होती.

सुरुवात साधीच झाली. ती चोवीस वर्षांची असताना त्याने एक डबा आणून तिच्यापुढे ठेवला. "तुझा हात स्थिर आहे. एवढे रंगवून दे ना." तिने दिले. तिला ते काम आवडलं, हे ती लपवत नाही. कामावरून आल्यावर ती एक-एक पाटी घेऊन बसायची. कोणत्या राजाच्या पायदळाची चिलखतं कशी होती, हे बघायला वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणायची. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, अबोल माणूस. त्याने जुन्या फ्रिजच्या दारातले चुंबक काढून तिला पाट्या ठेवायचे खण करून दिले. भाऊ अधूनमधून यायचा, तयार सैन्य घेऊन जायचा, आणि जाण्याआधी जेवणाच्या टेबलावर तिच्याशी एक सरावाचा डाव खेळायचा. दोनातला एक डाव ती जिंकायची. तेव्हा तो म्हणायचा, "घरात चालतं गं हे. तिथे नाही चालायचं."

"एकदा बघायला येऊ का?" तिने विचारलं होतं.

"तिथे काय आहे बघण्यासारखं? घामट पुरुष आणि गार चहा."

इतक्या वर्षांत तो तिच्याशी बोललेलं हे एकच खरं वाक्य.

गेल्या वर्षी त्याने हत्तींचं सैन्य आणून दिलं. बारा हत्ती, त्यांच्यावर अंबाऱ्या, भोवती पायदळ. पाच महिने ती त्यांच्या रंगकामाला बसली. प्रत्येक हत्तीच्या कानाच्या कडेला तिने फिकट ठिपके दिले, कारण म्हाताऱ्या हत्तीला तसे येतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. काम संपलं त्या दिवशी भाऊ न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, हे मी ठेवणार."

"ठेवून करणार काय?"

"खेळणार."

तो हसला. "ये की. पहिल्या फेरीत घरी जाशील."

नवऱ्याने मात्र तोंड उघडलं. "सारखं दार उघडून बघत बसलं की फ्रिज गार होत नाही," तो तिला म्हणाला. "ठरवलंस ना? मग दार लाव आणि अर्ज भर."

तिने अर्ज भरला आणि मला फोन केला. अर्जाच्या तळाशी एक ओळ असते, "हे सैन्य मी स्वतः रंगवले आहे," आणि शेजारी खूण करायला चौकट. रंगकामाच्या बक्षिसासाठी ती खूण लागते. खोटी खूण केली तर स्पर्धेतूनच बाद, असा नियम. तो मीच लिहिलेला, आणि त्याचा मला अभिमान होता.

"ही खूण सगळेच करतात का?" तिने विचारलं.

"बक्षीस हवं असेल तर करतात."

"माझा भाऊ करतो?"

"दरवर्षी," मी म्हणालो.

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी ठेवून दिला. तिला इतकी वर्षं वाटत होतं की बक्षीस सैन्याला मिळतं, जसं सुंदर बागेला मिळावं. तिचा भाऊ दरवर्षी खूण करून तिला पुसून टाकत होता, हे तिला माझ्याकडून कळलं आणि मी फोन ठेवला.

तिने त्याला विचारलं, हे तिने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "घरातलंच आहे ना? त्यात तुझं काय आणि माझं काय?" तिला वाटलं, आता आपण तिथे असणार म्हटल्यावर या वर्षी तरी तो खूण करणार नाही. त्याने केली. आयत्या बिळावर नागोबा बसला की त्याला बीळ आपणच खणलंय असं वाटायला लागतं.

स्पर्धा एका शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होती. दहा टेबलं, वीस खेळाडू, छताला तीन पंखे, त्यांतला एक बंद. ती खण घेऊन आत आली आणि दारातच थांबली. मी समजलो, बाई बावरली. बावरली नव्हती. ती मोजत होती. दहांतल्या सहा टेबलांवर तिचे शिपाई उभे होते, एका टेबलावर तर दोन्ही बाजूंना. भावाने तिला सांगितलं होतं की सगळी सैन्यं त्याच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहेत. प्रत्यक्षात ज्याच्याकडे त्याचं काम अडायचं त्याला तो एक सैन्य भेट द्यायचा, "माझ्या हातचं आहे" म्हणून. एक ठेकेदाराकडे, एक बँकेतल्या साहेबाकडे, असं करत करत क्लबभर. दूर दिलेल्या मुली अचानक एकाच मांडवात भेटाव्यात तशी ती टेबलांवरून फिरली. एका घोडेस्वाराचा भाला वाकला होता, तो तिने जाता जाता बोटाने सरळ केला. ठेकेदार खेकसला, "अहो, हात नका लावू, नाजूक असतं ते."

पहिला डाव ती जिंकली. दुसरा बरोबरीत सोडवला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी सैन्यं मांडून ठेवली आणि मी रंगकाम बघायला निघालो.

आता माझी अक्कल ऐका. सेनापतीचं सैन्य आणि तिचं सैन्य शेजारी शेजारी होतं. ढालीची तीच कड, डोळ्यांचा तोच ठिपका, मातीचा तोच रंग. हात एकच आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी आंधळ्यापेक्षा वाईट होतो, मला अर्धं दिसत होतं. अकरा वर्षं बक्षीस घेणारा तो, पहिल्यांदा आलेली ती. मी सरळ भावाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बहिणीचं सैन्य तुम्ही रंगवलंत का?"

त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "घरातलंच आहे हो. सोडून द्या ना."

खोटं तो बोलला नाही, खरं त्याने सांगितलं नाही. सोयीची मिठाची गुळणी. आणि मी, जन्मभर सातबारावरच्या रेघा तपासलेला माणूस, तेवढ्यावर समाधानी झालो. तिच्या टेबलापाशी गेलो, रंगकामाच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे "बाद" लिहिलं, आणि चार माणसांदेखत नाकाने कांदे सोलले. "मदत घेण्यात गैर काही नाही ताई, पण मग खूण करायची नसते. नियमाने तुम्हाला घरी पाठवायला हवं. पहिलीच वेळ आहे म्हणून खेळू देतो."

तिने भावाकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता, बंद असलेल्या.

"पंचसाहेब," ती म्हणाली, "हा हत्ती उलटा करा."

मी केला. पाटीच्या खाली गुलाबी रंगाचा कडक थर होता, आणि त्यात सुईने कोरलेला आकडा. तो गुलाबी थर मी ओळखत होतो. सेनापतीच्या प्रत्येक पाटीखाली असायचा. दरवर्षी पाट्यांची लांबी-रुंदी मोजताना मला दिसायचा. एकदा विचारलं तर तो म्हणाला होता, "वजनासाठी. आमची युक्ती." मी कडा मोजल्या आणि खालची बाजू सोडून दिली.

"ही हिरडी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. "कवळीला हिरडीचा जो गुलाबी मसाला लागतो तो. कालवला की थोडा उरतोच, टाकून द्यायचा तर जीव होत नाही. तो मी पाटीखाली लावते. आणि आकडा आहे तो त्या दिवशीच्या कवळीचा. प्रत्येक कवळीला नंबर असतो, नाहीतर एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात जातील. ज्या कवळीतला मसाला, तिचा नंबर. लॅबच्या वहीत तारखेसकट आहे. आता दादाचे घोडे उलटे करा."

मी केले. गुलाबी. आकडा.

"आता त्यांचे." तिने ठेकेदाराकडे बोट केलं. "त्यांचे. त्या खिडकीजवळचे. आणि त्या साहेबांचे."

मला कोणाला सांगावं लागलं नाही. माणसं आपापल्या टेबलाशी गेली आणि हॉलभर पाट्या उलट्या होऊ लागल्या. हातात सैन्याचं बूड धरून, चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचणारे प्रौढ पुरुष. एरवी मी हसलो असतो. बँकेतल्या साहेबाने न बघताच सैन्य डब्यात भरून झाकण लावलं, म्हणजे त्याला बघायची गरज नव्हती. सात सैन्यं गुलाबी निघाली, तिचं धरून आठ. त्या सातही जणांनी अर्जावर खूण केली होती.

मलाही बघायची गरज नव्हती. माझ्या घरी कपाटात एक सैन्य आहे. सात वर्षांपूर्वी सेनापतीने दिलेलं. "पंचांकडे सैन्य नाही, हे बरं दिसत नाही," म्हणाला होता. त्या वर्षी पंच दुसराच होता, आणि मी खेळलो. वर पारदर्शक रोगणाचा एक हात मी स्वतः दिला होता, तेवढ्यावर चौकटीत खूण केली. रंगकामात तिसरं बक्षीस मिळालं. कप अजून शोकेसमध्ये आहे. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं, हे मला कळलं.

"पंच," सेनापती हळूच म्हणाला, "नियम माणसांसाठी असतात. सात जण बाद केले तर दुपारी खेळायचं कोणी?" चोर तो चोर, वर शिरजोर. आणि मी त्याचं ऐकलं. त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी. एक खूण उकरली की दुसरी निघते. मी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "या वर्षी रंगकामाचं बक्षीस कोणालाच नाही. बाकी स्पर्धा चालू राहील."

हॉलमध्ये सुटकेचा श्वास ऐकू आला.

"म्हणजे खोटी खूण सात जणांनी केली," ती म्हणाली, "खरी मी केली, आणि शिक्षा सगळ्यांना सारखी?"

"वेळ कमी आहे, ताई," मी म्हणालो.

वेळ कमी आहे. माझ्या तोंडून जन्मात इतकं हलकं वाक्य निघालं नसेल. पहिल्या वेळी मी चुकलो होतो. या वेळी मला सगळं दिसत होतं आणि मी लबाडी केली. चुकीला माफी असते.

शेवटच्या फेरीत गुणांप्रमाणे जोड्या लागल्या आणि तिच्यासमोर तिचा भाऊ आला. एका बाजूला तिचे हत्ती, दुसऱ्या बाजूला तिचेच घोडे. हत्तींवर दुरून भालेफेक करायची म्हणजे ते बिथरतात. बिथरलेला हत्ती कुठे पळेल ते फाशाने ठरतं, आणि मागे पळाला तर आपल्याच पायदळाला तुडवतो. बहुतेक सैन्यं अशीच मरतात. भावाने तेच केलं. पण तिने पायदळाच्या दोन-दोन पाट्यांमध्ये हत्ती जाईल एवढी वाट मोकळी ठेवली होती. तीन हत्ती मागे पळाले आणि तिघेही त्या वाटांतून कोणालाही न लागता बाहेर गेले. जेवणाच्या टेबलावर हरलेल्या निम्म्या डावांतून ती हे शिकली होती, शिकवणारा समोर बसला होता.

"घरातलाच सामना आहे," तो कुजबुजला. "बरोबरीत सोडवू."

"मोज, दादा," ती म्हणाली.

त्याने घोडे पुढे घेतले. मोजपट्टी उचलताना पाटीला हलकेच बोट लागलं, जसं त्याचं नेहमी लागायचं आणि आम्ही नेहमी सोडून द्यायचो.

"पंचसाहेब, मोजा."

मी मोजलं. अर्धं बोट जास्त होतं. घोडे मागे घेतले, आणि त्या अर्ध्या बोटासाठी ते तिच्या भालाईतांपर्यंत पोचले नाहीत. पुढच्या खेपेला तिचे उरलेले हत्ती त्यांच्यावर चालून गेले. त्या दिवशी मी केलेलं एवढं एकच धड काम. ती जिंकली, एकूण स्पर्धेत तिसरी आली. टाळ्या पडल्या, बेताच्या. भावाने सैन्य डब्यात भरलं, मान खाली घालून, आणि निघून गेला. माझ्याशीही बोलला नाही, जणू घोडे मी चोरले होते.

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सोमवारी मी फाइल काढली. मोजणीखात्यातला माणूस कागद फेकत नाही, सगळ्या वर्षांचे अर्ज माझ्याकडे होते. सेनापतीचे या वर्षीचा धरून बारा, आणि बाकीच्यांचे मिळून एकोणीस. ते पिशवीत घातले, माझ्या कपाटातलं सैन्य दुसऱ्या पिशवीत घेतलं, आणि चार वाजता तिच्या लॅबचा जिना चढलो.

ती एका कवळीला शेवटचा हात देत होती. तिने मान वर केली, स्टूल दाखवलं, आणि काम चालू ठेवलं. मी सैन्याचा डबा टेबलावर ठेवला. "हे तुमचं आहे," म्हणालो.

तिने एक पाटी काढून उलटी केली, आकडा वाचला, आणि खणातली जुनी वही काढून पान शोधलं. "वरची कवळी," ती म्हणाली. "एक निवृत्त मास्तर होते. सैल बसते म्हणून तीनदा परत आली. गेले ते मागच्या वर्षी." तिने पाटी परत डब्यात ठेवली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "हे घेऊन जा. रंगवताना मला आनंद झाला होता, तो काही तुम्ही नेला नाही. मला सैन्य परत नको आहे."

"मग काय हवं?"

"कागद आणलेत ना?"

मी पिशवी उघडली. तिने तिच्या टेबलावरचं पेन मला दिलं. मी एकेका अर्जावरची खूण खोडली आणि शेजारी तिचं नाव लिहून सही केली. तिने एकही कागद हातात घेतला नाही, पण मी प्रत्येक खूण खोडताना बघत होती. दिव्याची वात तिने मध्ये एकदा कमी केली. एकतीस अर्ज झाले. मी पेनाला टोपण लावलं.

"झाले?" तिने विचारलं.

"झाले."

"तुमचा कुठे आहे?"

माझा अर्ज मी फाइलमधून वेगळा काढला होता. घरी टेबलाच्या खणात होता. येताना मी खण उघडला होता आणि परत लावला होता.

"घरी राहिला," मी म्हणालो.

तिने कवळी उचलून उजेडाकडे धरली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"मग घेऊन या," ती म्हणाली. "मी सातपर्यंत इथेच असते."